बत्तीस बोर, कळंकलेली काडतुसे आणि स्वसंरक्षण

इतवारीत सराफीचे दुकान असलेल्या माझ्या मामांकडे कित्येक वर्षांपासून .३२ बोरचे (बोर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इथे इंचात) परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी कातडी पट्ट्यातून सहा काडतुसे काढून माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हा पितळेवर हिरवट कळंक चढलेला होता. घेतल्यापासून त्यातले एकही उडवलेले नाही, असे ते समाधानाने म्हणाले. मला मात्र त्यांची काळजी वाटली.

लहान बोरच्या गोळीने माणूस मरत नाही, हा समज निखालस चुकीचा आहे. ती जीव घेऊ शकते, परंतु हल्लेखोराला जागच्या जागी थांबवेलच याची खात्री नसते, आणि स्वसंरक्षणात सारा प्रश्न त्या थांबवण्याचाच असतो. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर .२२ बोरच्या रिव्हॉल्व्हरमधून हल्ला झाला, तेव्हा मोटारीवर आपटून उसळलेली एक गोळी त्यांच्या हृदयापासून जेमतेम इंचभर अंतरावर रुतली. तरीही आपल्याला गोळी लागल्याचे त्यांना आधी कळलेच नाही आणि सत्तरीचे रेगन रुग्णालयात स्वतःच्या पायांनी चालत गेले. चाकू घेऊन पाच पावलांवर आलेल्या माणसाला तेवढा अवधी पुष्कळ होतो.

'मग मोठा बोर घ्यावा' हा सल्ला आपल्याकडे निरुपयोगी आहे, कारण ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोरात मोडते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून आणलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही .३२ बोरचेच होते. वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. .२२ तर त्याहून बेभरवशाचे, कारण त्याची ठिणगी देणारी दारू काडतुसाच्या काठात भरलेली असते आणि त्यामुळे काडतूस फुसके निघण्याचा संभव वाढतो.

म्हणजे बहुतेकांच्या हाती उरते ते .३२, आणि त्याची उणीव अचूक नेमानेच भरून निघते. घोडा (काडतुसावर आपटणारी हातोडी) आधी न चढवता चाप ओढायचा झाला, तर बोटाला इतका जोर लावावा लागतो की सराव नसलेल्या हातातली नळी हमखास हलते. ताजी काडतुसे आणि नियमित सराव नसेल, तर ते शस्त्र बाळगण्यात मला जोखीमच अधिक दिसते.

मागच्या निवडणुकीच्या आचारसंहितेत मामांचे रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा होते. त्या काळात ते रोकड उजेडीच बँकेत भरत आणि दुकान दोघांनी मिळून बंद करत. ती शिस्त त्यांनी बाराही महिने पाळावी, यासाठी मी सध्या त्यांच्याशी रोज वाद घालतो आहे.