तात्यांचं दूध परत आलं

आज सकाळी आमचे तात्या, म्हणजे माझे सासरे, भरलेली किटली घेऊन घरी परत आले. ज्यांच्या दारात म्हैस आहे त्यांना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको. फॅट कमी लागलं नव्हतं, दूध नासलं नव्हतं. तात्यांना रस्ता ओलांडता आला नाही, एवढंच. गोठा अलीकडं, डेअरी पलीकडं, मधे शिरवळ-लोणंद रस्ता आणि त्यावर एकामागं एक डंपर. पाऊण तास उभे होते. आठला डेअरीचा टेम्पो निघून गेला.

कंपनीचं बांधकाम सुरू झाल्यापासून रोजचंच आहे हे. मुरूम, खडी, काँक्रीटचे मिक्सर. परवा कसलं तरी लोखंडी धूड घेऊन ट्रेलर आला, तो वळणावर अडकला तो जेवणवेळेपर्यंत. दहा टायरच्या गाडीला आधी मालासकट 25 टनांची मर्यादा होती, 2018 ला ती साडेअठ्ठावीस केली. ती तरी कोण पाळतं? हौद्याच्या वर जो ढीग दिसतो तो काय कापूस असतो? त्यात हायवेवर खंबाटकीच्या घाटात गाड्या तुंबल्या की पुण्याकडची निम्मी गर्दी सालप्याच्या घाटानं साताऱ्याला जायला इकडंच वळते. माझी पोरगी याच रस्त्यानं सायकलवर शाळेला जाते. ती घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

लगेच कुणीतरी लिहील, ‘विकास नको का?’ बरं बाबा, हवा. पोरांना गावातच काम मिळतंय, मान्य. आमच्या धाकट्या दिरांचाही एक डंपर तिथंच लावलाय, त्याचा हप्ता त्यातूनच जातो, तेही मान्य. पण आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते तेव्हा अवजड गाड्या दुसरीकडं वळवतातच की! तेव्हा जमतं ना? मग रोज सकाळी सात ते नऊ, फक्त दोन तास डंपर आतच थांबवायला काय होतं? टँकरनं पाणी मारलं की झालं, असं वाटतं यांना. त्यानं धूळ बसते आणि दुचाकीवाले घसरतात.

सकाळी मी तणतणत होते, तर तात्या शांतपणे उपरण्यानं किटलीचं झाकण पुसत बसले होते. बोटभर तांबडी धूळ. म्हटलं, एकानंही थांबून वाट दिली नाही? तर म्हणाले, “अगं, त्यात आपलीबी गाडी हुती. डायवरनं बघितलं मला. पर थांबला असता तर मागच्यानं ठोकली असती.”

यावर मी काय बोलणार? दुधाचा खवा केला. पोरं खूश आहेत.

तात्या म्हणतायत उद्यापासून पाचलाच धार काढू, गाड्या सुरू व्हायच्या आत पलीकडं जाऊन बसतो. म्हशीला विचारायचं राहिलंय.