‘इट्स बीन अ मिनिट’ म्हणजे एक मिनिट नव्हे

एखाद्या अमेरिकन माणसाने भेटल्या भेटल्या ‘इट्स बीन अ मिनिट!’ म्हटलं तर घड्याळाकडे बघू नका. ‘किती दिवसांनी भेटतोयस!’ असं तो म्हणतोय. आफ्रिकन-अमेरिकन बोलीतून आलेला हा प्रयोग आता सर्रास ऐकू येतो. त्यात ‘हॉट मिनिट’ म्हणजे कधी बराच काळ, कधी अगदी थोडा वेळ. आणि ‘न्यूयॉर्क मिनिट’ म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. एकाच मिनिटाच्या या तीन तऱ्हा, आणि पाठ्यपुस्तकात एकही नाही.

आपल्याला शिकवतात ते ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. त्यांची अदलाबदल झाली की मार्क गेले. व्याकरण हवंच, वाद नाही. पण त्या नियमांवर पोसलेला माणूस गप्पांमध्ये ‘आय हॅवन्ट सीन हिम फॉर थ्री इयर्स अँड फोर मंथ्स’ म्हणतो, आणि ते पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं वाटतं. समोरचा नुसतं ‘एजेस’ म्हणून मोकळा होतो. माझं स्पष्ट मत आहे की गप्पांत आकडा टाळणं हा तिथला शिष्टाचार आहे. नेमके महिने सांगितले की तुम्ही हिशोब ठेवलाय असं वाटतं आणि ऐकणारा उगाच अपराधी होतो. ‘एजेस’मध्ये तक्रारही होते आणि लाडही.

‘द अदर डे’ तर माझा फार लाडका. हा तीन दिवसांपूर्वीचा असू शकतो, तीन आठवड्यांपूर्वीचाही. आपण ‘अरे, परवाच तर भेटलो’ म्हणतो, तेव्हा तो परवा पंचांगातला थोडाच असतो? वय वाढतं तसा हा ‘अदर डे’ मागे मागे सरकत जातो, हे आपलं माझं निरीक्षण.

ब्रिटिशांनी लांबलचक काळासाठी चक्क गाढवाला कामाला लावलंय. ‘डाँकीज इयर्स’! आधी ते ‘डाँकीज इअर्स’ होतं, म्हणजे गाढवाचे कान. कान लांब, म्हणून काळ लांब; शिवाय इअर्स आणि इयर्स हे यमक आयतंच जुळलेलं. आता बरेच जण नुसतं ‘डाँकीज’ म्हणतात. त्यांच्याच ‘यॉन्क्स’ची (अर्थ तोच, खूप काळ) व्युत्पत्ती मात्र कोशकारांनाही नक्की लागलेली नाही. ‘अ मंथ ऑफ संडेज’ म्हणजेही खूप काळ; त्याचा हिशोब करायचाच तर तीस रविवार म्हणजे जवळपास सात महिने. पण असा हिशोब करणाऱ्याशी कोण गप्पा मारणार!

गंमत अशी की शास्त्रज्ञांनी छोट्या काळाचे शब्द उचलले आणि त्यांना मापात बसवलं. गिल्बर्ट लुईस या रसायनशास्त्रज्ञाने ‘जिफी’ म्हणजे प्रकाशाला एक सेंटिमीटर जायला लागणारा वेळ, अशी व्याख्या सुचवली. म्हणजे सेकंदाचा सुमारे ३,००० कोटीवा भाग. ‘टू शेक्स ऑफ अ लॅम्ब्स टेल’मधला ‘शेक’ अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात जाऊन पोचला आणि १० नॅनोसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाचं, एकक झाला. कोकराने शेपटी दोनदा हलवायच्या आत साखळी अभिक्रियेचे कितीतरी टप्पे उरकलेले असतात. ‘मोमेंट’ तर मध्ययुगात तासाचा चाळिसावा भाग होता, म्हणजे सरासरी ९० सेकंद. तेव्हा ‘वन मोमेंट’ म्हणणाऱ्याला दीड मिनिट द्यायला हरकत नाही. डाँकीज इयर्सचं एकक करायला मात्र अजून कुणी धजावलेलं नाही.

लांब पल्ल्याच्या शब्दांत हिशोबाला सापडला तो ‘ब्लू मून’; ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचितच कधीतरी. एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा ती ब्लू मून, आणि ती सरासरी दोन वर्षं आठ महिन्यांनी येते. पण ही व्याख्याच चुकून जन्मली. जुन्या पंचांगात, तीन महिन्यांच्या ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी, असा अर्थ होता. १९४६ साली एका अमेरिकन खगोल मासिकातल्या लेखात त्याचा भलताच अर्थ लावला गेला आणि तोच रूढ झाला.

आता हे वापरावं कुठे? अमेरिकेत ‘यॉन्क्स’ म्हणालात तर समोरचा बहुधा ब्लँक होईल, ‘फोर्टनाइट’ (पंधरवडा) म्हणालात तर त्याला व्हिडिओ गेम आठवेल. ‘अ कून्स एज’ (हाही ‘खूप काळ’च) कुठे वाचलंत तर तिथेच सोडा. मुळात तो रकून प्राण्याचा उल्लेख असला, तरी ‘कून’ ही कृष्णवर्णीयांना दिली जाणारी वर्णद्वेषी शिवी आहे. ऑफिसच्या ईमेलमध्ये यातलं काहीच नको, तिथे सरळ तारीख लिहा. बाकी सगळीकडे ‘एजेस’ बिनधास्त चालतं.