अक्कांचा कप

गेल्या आठवड्यात आमच्या सोलापुरातल्या अपार्टमेंटमधल्या बायकांचा विषय परत तिथंच आला. "आमची बाई ऐकतच नाही, तिच्याच जुन्या पद्धतीनं करते." मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. घरी आल्यावर दोन रात्री तेच डोक्यात होतं, म्हणून इथं लिहितेय.

आमच्याकडे अक्का 19 वर्षांपासून घरकामाला आहेत. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि समोरच्या आजींशी कन्नड. रोज सकाळी विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, शेअर रिक्षानं अशोक चौकात उतरतात आणि तिथून चालत येतात. मे महिन्यात सहालाच दारात, कारण त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत परत जायचं असतं.

अक्का जुन्या वळणाच्या आहेत, हे खरंच आहे. दांड्याचा पोछा आणला, तो दाराआड उभा आहे. फरशी बसूनच पुसणार. दिवेलागणीनंतर केरसुणीला हात लावणार नाहीत आणि मलाही लावू देणार नाहीत. शेंगाची चटणी मिक्सरला लावायला निघाले की माझ्या हातातून भांडं काढून घेतात. "मिक्सरमदी नुसता भुगा होतोय ताई. तेल सुटाय पाहिजे की." मग उखळ, भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, आणि अर्धा तास कांडणं. दाणा ठेचला गेला की तेल सोडतो आणि चटणी बोटाला चिकटते. मिक्सरचं पातं दाणा नुसता कापतं. चटणीपुरतं तरी अक्कांचं म्हणणं मी कधीच मान्य केलंय.

पण खरं सांगायचंय ते पाण्याबद्दल. उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांबून पाणी येतं आणि तरी आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, चार-पाच दिवसांनी येतं. सोलापूरच्या बाईला हे सांगायला नको. पाण्याच्या दिवशी अक्कांचा क्रम ठरलेला. आधी शिल्लक पाणी बादल्यांत उपसून घ्यायचं, पिंप घासायचं. नळाचं पहिलं गढूळ पाणी वेगळं धरायचं, ते संडासाला. मग पिण्याची घागर, तिच्या तोंडाला दुहेरी फडकं. मग पिंप, मग हौद. भांड्यांचं शेवटचं विसळलेलं पाणी कुंड्यांना. वॉशिंग मशीन आणलं तेव्हा पाच मिनिटं उभं राहून त्यांनी खाली जाणारं पाणी बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या पाण्यात माझं दोन दिवसाचं धुणं निघतंय." चादरी त्या मशीनला अजून देत नाहीत. नव्या चादरीला पहिलं धुणं मिठाच्या पाण्यातलंच. आमच्या बेडवर पंधरा वर्षांची चादर आहे, तिच्यावरचा मोर अजून हिरवा आहे.

हा काटेकोरपणा कुठून आला, तेही सांगते. अक्का लग्नाआधीपासून विड्या वळायच्या. रात्री तेंदूची पानं भिजवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून एकसारखी कातरायची, मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या करायच्या. तपासणीत बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. खोकला धरला तेव्हा सूप सुटलं आणि आमच्या घरी आल्या. ज्या हातांनी इतकी वर्षं चूक झाली की पैसे गमावले, ते हात स्वतःची सवय सहजासहजी सोडतील कसे? पगार खात्यावर नको, हातातच हवा, याला मी कितीतरी वर्षं अडाणीपणा समजत होते. मग एकदा कळलं की कार्ड आणि फोन दोन्ही मुलाकडं असतात. तेव्हापासून एक तारखेला पाकीट.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलचा कप आहे. अक्कांचा. सासूबाईंनी त्यांना पहिल्या दिवशी वेगळा काढून दिलेला. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली, कप खिडकीतच. अक्का चहा त्यातच पितात, दाराशी फरशीवर बसून, मग विसळून परत तिथंच पालथा घालतात. मी एकदा आमच्या कपात चहा दिला, तर त्यांनी तो स्टीलच्या कपात ओतून घेतला. "माझा हाय की हा." खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाल्या, "खाली बरं वाटतंय." मी सगळ्यांना हेच सांगत राहिले, की मी म्हणते, पण अक्काच ऐकत नाहीत.

बायांनो, इथं मला आपलं खोटं दिसलं. पोछा वापरत नाही म्हणून आपण चिडतो, कुरकुरतो, दहादा समजावतो. पण वेगळा कप, खाली बसणं, सुट्टी मागताना खाली जाणारी मान, वर्षानुवर्षं तोच पगार, या जुन्या पद्धतींबद्दल आपण एकदा म्हणतो आणि गप्प बसतो, कारण त्यात आपली सोय आहे. आणि या पद्धती त्यांनी आणलेल्या नाहीत. आपल्या घरांनी त्यांना शिकवल्यात. उखळ त्यांचं आहे, कप आमचा आहे. तो काढायचं काम माझं होतं आणि मी सात वर्षं केलं नाही, याची मला लाज वाटते.

आता सकाळी मी माझा चहा घेऊन त्यांच्याशेजारी फरशीवर बसते. पहिले काही दिवस त्या अवघडल्या, चहा घाईनं पिऊन उठल्या. परवा मार्कंडेय रथोत्सवाचं बोलत अर्धा तास बसल्या. या रथोत्सवाला, म्हणजे नारळी पौर्णिमेला, दरवर्षी त्या दांडी मारायच्या आणि मी एका दिवसाचे कापायचे. तेही लिहूनच टाकते. यंदापासून महिन्याला चार सुट्ट्या, पगारी, आणि त्या सणासह. कप रात्री मी रॅकमध्ये आमच्या कपांत ठेवते, सकाळी तो परत खिडकीत असतो. सध्या असं चाललंय.

आणखी एक. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात 2008 पासून आहे. 18 ते 60 वयात नोंदणी होते. अक्कांचं आधारवरचं वय 57. म्हणजे इतकी वर्षं मी नुसती बघत बसले आणि आता तीनच हातात आहेत. तुमच्याकडे ज्या येतात त्यांची नोंदणी झालीय का, आज संध्याकाळी विचारा. जे कागद लागतील ते आपण गोळा करा, सोबत जा.

मी अक्कांना म्हटलं, गुरुवारी फोटो काढू आणि कामगार ऑफिसला जाऊ, माझीही सुट्टी आहे. त्यांनी बोटांवर तेलुगूत दिवस मोजले आणि मान हलवली. "गुरुवारी पाणी हाय ताई. शुक्रवारी जाऊ."