व्हॉडव्हिल बोलपटाने मारलं, हे खरं नाही

सध्या एक मजकूर खूप फिरतोय. त्यात म्हटलंय की १९२७ साली अमेरिकेत बोलपट आला आणि व्हॉडव्हिलचा, म्हणजे गाणी, विनोद, कसरती असे छोटे छोटे 'नंबर' एकामागून एक दाखवणारा रंगमंच एका रात्रीत संपला. लोक त्याच त्या कसरतींना कंटाळलेच होते, आणि तिथे उरले होते ते किरकोळ कलावंत. वाचायला सोपं आहे, म्हणून जो तो पुढे पाठवतो. मला मात्र हे वाचून वाईट वाटतं.

आधी ते 'एका रात्रीत' बघू. तो बोलपट म्हणजे 'द जॅझ सिंगर', न्यूयॉर्कमध्ये लागला ६ ऑक्टोबर १९२७ ला. तिथलं पॅलेस थिएटर, जिथे एकदा तरी उभं राहायचं म्हणून कलावंत आयुष्यभर धडपडायचे, ते निव्वळ सिनेमाकडे वळलं नोव्हेंबर १९३२ मध्ये. मधली पाच वर्षं या मजकुरातून गायबच आहेत. १९३१ च्या अखेरीस, ऐन मंदीत, त्याच पॅलेसमध्ये एडी कँटर आणि जॉर्ज जेसल या विनोदवीरांचा कार्यक्रम सलग नऊ आठवडे चालला.

शिवाय सिनेमा काही बाहेरून चाल करून आला नव्हता. २३ एप्रिल १८९६ ला एडिसनचा व्हायटास्कोप, म्हणजे पडद्यावर फिल्म दाखवणारं यंत्र, लोकांनी पाहिला तो न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बियलच्या म्युझिक हॉलमध्ये, इतर नंबरांच्या जोडीने. पुढची तीस वर्षं दोघं एकाच तिकिटावर नांदले. फक्त आधी फिल्म तोंडी लावायला होती, नंतर नंबर तोंडी लावायला आले. रिळाला रेल्वेभाडं लागत नाही, हॉटेलची खोली लागत नाही. थिएटरमालकांनी हिशेब केला. १९२८ मध्ये कीथ-अल्बी-ऑर्फियम ही व्हॉडव्हिलची बलाढ्य साखळी आरकेओ या चित्रपट कंपनीत गेली, कारण आरसीए या रेडिओ कंपनीला आपली ध्वनियंत्रणा बसवायला थिएटरं हवी होती. हा निर्णय खुर्चीतल्या प्रेक्षकाला कुणी विचारून घेतला नाही.

'त्याच त्या कसरती' म्हणणाऱ्याने कार्यक्रमाचा क्रम कसा लागायचा ते समजून घ्यावं. आठ-नऊ नंबर असायचे. पहिला बहुधा मुका: कसरतपटू, नाहीतर शिकवलेली कुत्री. लोक अजून जागा शोधत असतात, त्या गडबडीत बोललेलं वाया जाणार. मग मोठा देखावा लावायचा असला की मधला पडदा पडे आणि त्याच्यापुढे दोघं विनोदवीर उभे राहत. मागे कामगार पुढचा देखावा उभा करताहेत हे कुणाला कळायचंही नाही. मुख्य तारा शेवटून दुसरा. शेवटी पुन्हा एखादा मुका नंबर, कारण लोक उठायला लागलेले. दहा-पंधरा मिनिटांचा एकेक नंबर वर्षानुवर्षं घासूनपुसून लखलखीत केलेला असे, कारण पुढच्या गावाने तो पाहिलेला नसायचा.

बोलपटाने खरा घाव घातला असेल तर इथे, एवढं मी मान्य करते. ६ ऑगस्ट १९२६ ला व्हायटाफोन या फिल्मला आवाज जोडणाऱ्या यंत्रणेच्या पहिल्याच कार्यक्रमात तंतुवादक रॉय स्मेक पडद्यावर वाजवताना दिसला. असा नंबर एकदा फिल्मवर गेला की सगळ्या गावांत एकदमच शिळा होतो.

आणि 'किरकोळ' कलावंत? पुढे मूकपटांचा विनोदवीर झालेला बस्टर कीटन लहान असताना वडील त्याला रंगमंचावर अक्षरशः उचलून भिरकावत. पकडायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्याला पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली होती! पडायचं कसं हे तो तिथे शिकला, आणि सिनेमात गेला १९१७ मध्ये, बोलपटाच्या दहा वर्षं आधी. पुढे बोलपटांत विनोदी नट झालेला डब्ल्यू. सी. फील्ड्स तर मुळात न बोलणारा जगलर, म्हणजे वस्तू उडवून झेलणारा. सिगारच्या खोक्यांची आडवी रांग दोन हातांत दाबून धरायची, मधलं खोकं सुटलं की बाकीची पडायच्या आत ते टोकाला नेऊन लावायचं, असा तो प्रकार. खोक्यांचं हे काम त्याने १९३४ च्या 'द ओल्ड फॅशन्ड वे' या बोलपटात पन्नाशी उलटल्यावर करून दाखवलंय. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी तेवढा प्रसंग बघा.