रुग्णाला जरा बाहेर बसवा
माझ्या चुलतभावाने, जो स्वतः सर्जन आहे, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले की रुग्णाला उपचारात भागीदार करून घेणे ही पाश्चात्त्य थेरं आहेत. आपल्याकडचा रुग्ण ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ एवढेच म्हणतो. त्यावर भराभर अंगठे उमटले आणि माझे डोके फिरले.

इथे ब्रिटनमध्ये जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, जेमतेम १० मिनिटे मिळतात आणि १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचा नियम अनेकांच्या बाबतीत कागदावरच राहतो, हे मान्य. पण गुडघ्यासाठी गेलो तेव्हा सर्जनबाईंनी आधी विचारले, ‘या गुडघ्याने तुम्हाला काय करता यायला हवं आहे?’ मी म्हणालो, जिना चढणे. मग शस्त्रक्रिया, व्यायाम आणि काहीच न करणे, अशा तिन्ही वाटांचे नफे-तोटे त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडले. नंतरचे पत्रही जीपीला नव्हे, मला उद्देशून आले.

हे ब्रिटनलाही सहज सुचलेले नाही. एका मधुमेही गर्भवतीला, प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा ९ ते १० टक्के धोका असूनही, तो सांगितला गेला नव्हता. त्या माँटगोमेरी खटल्यात २०१५ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा धोका सांगितलाच पाहिजे. मी भावाला लिहिले की आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००८ सालीच, समीरा कोहली प्रकरणात, भुलीखालच्या रुग्णाऐवजी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढणे चूक ठरवले होते. (माहिती किती द्यायची हे त्याच निकालाने बरेचसे डॉक्टरांवर सोडले, ते मात्र मी लिहिले नाही.)

त्याचे एका ओळीत उत्तर आले : ‘काकांच्या वेळी फोन कोणी केला होता?’

मीच केला होता. बाबांना कर्करोग निघाला तेव्हा त्यांना काही कळू देऊ नका, अशी गळ मी इथूनच डॉक्टरांना घातली. त्यांनी बाबांना बाहेर बसवले आणि फाइल उघडून स्पीकरवर मला सगळे समजावले. मी नीट प्रश्न विचारले, टिपणे घेतली. अगदी आदर्श भागीदार. बाबांना काय करता यायला हवे आहे, हा प्रश्न मला तेव्हा चांगला ठाऊक होता. बाहेरच्या बाकावर त्यांनी आईला विचारले होते, ‘आत माझंच चाललंय ना?’