आठ माणसं आणि एक बाबागाडी

"आठ जणांनी चौकात बसून काय झालं? रणगाडे थोडेच परत गेले?" सोव्हिएत काळातल्या विरोधकांचा विषय काढला की हे मला हमखास ऐकावं लागतं. दर वेळी जिवाला लागतं.

२५ ऑगस्ट १९६८, रविवार. सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसून चार दिवस झाले होते. मॉस्कोच्या लाल चौकात भर दुपारी बारा वाजता आठ जण खाली बसले. नताल्या गोर्बानेव्स्काया ही कवयित्री तीन महिन्यांच्या बाळाला बाबागाडीत घालून आली होती. फलकही त्याच बाबागाडीतून आले. एकावर लिहिलं होतं, 'तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी'. ना घोषणा, ना भाषण. काही मिनिटांत साध्या वेशातली माणसं धावत आली आणि मारहाण सुरू झाली. व्हिक्टर फाइनबर्गचे दात पाडले. त्याला कोर्टात उभं केलंच नाही, थेट मनोरुग्णालयात टाकलं.

उरलेल्यांपैकी पाच जणांवर खटला चालला. आरोपांतला एक होता वाहतुकीला अडथळा! लारिसा बोगोराझला चार वर्षं हद्दपारी, पावेल लिटविनोवला पाच. हा लिटविनोव स्टालिनच्या एका परराष्ट्रमंत्र्याचा नातू.

अंगावर पिणारं बाळ म्हणून नताल्याला तेव्हा सोडलं. पण ती गप्प बसली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'चालू घटनांची बखर' हे पत्रक तिच्या हातून सुरू झालं होतं. पातळ कागद, मध्ये कार्बन, टाइपरायटर. ज्याच्या हाती प्रत पडे तो पुन्हा टाइप करून पुढे देई. कुणाला कधी पकडलं, कुठलं कलम लावलं, कुठल्या छावणीत पाठवलं, एवढंच त्यात असे. शिव्याशाप नाहीत. मागच्या अंकात एखादं नाव चुकलं असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती! पकडले जायची टांगती तलवार डोक्यावर असताना माणसं शुद्धलेखनाइतक्या निष्ठेनं खरं लिहीत होती, हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसले होते.

१९६९च्या डिसेंबरात तिला अटक झाली. डॉक्टरांनी निदान केलं, 'मंद गतीचा स्किझोफ्रेनिया'. शहाण्या बाईला वेडी ठरवून औषधं देण्याइतकं भय कुणाला वाटत होतं? आठ माणसांनी काही झालं नाही म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. ती सुटली १९७२ साली.

२०१३च्या २५ ऑगस्टला ती त्याच जागी पुन्हा आली. वय ७७. फलकावर तेच शब्द. पोलिसांनी या वेळीही तिच्या सोबतच्यांना उचलून नेलं.