अलगद टेकड्यांचा सासुरवास

‘अलगद चढ-उतारांचा रम्य प्रदेश’ असं पर्यटनाच्या माहितीपत्रकात छापलेलं दिसलं, की पर्यटकाने कॅमेरा काढावा आणि धावणाऱ्याने गुडघे चोळायला घ्यावेत. त्यापेक्षा डोंगर परवडला. डोंगरात चढावर चालण्याला डावपेच म्हणतात. सगळेच चालतात, आपणही कमरेवर हात ठेवून मानाने चालावं. सपाटीवर निदान लय तरी सापडते. फ्रान्सच्या नैऋत्येला झेर्स नावाचा जिल्हा आहे, तिथली टेकडी असते साठ-सत्तर मीटरची. एवढ्याशा चढावर चालायची लाज वाटते, आणि पळत माथा गाठावा तर पलीकडे तिची धाकटी जाऊ उभी. हा सासुरवासच. तोंडावर कुणी वाकडं बोलत नाही, पण संध्याकाळपर्यंत सुनेचा खुळखुळा झालेला असतो.

विमानांच्या कामासाठी तुलूझला आलेल्या मराठी मंडळींनी तर विशेष जपावं. शहरातून जाणाऱ्या कनाल दु मिदीच्या काठाने धावलं की घड्याळात असे काही देखणे आकडे येतात, की माणसाला स्वतःबद्दल गैरसमज होतो. कालवा तो, त्याला चढ कुठून असणार? तोच गैरसमज घेऊन पश्चिमेला तासाभरावर झेर्समध्ये उतरायचं, म्हणजे पहिल्या तीन किलोमीटरात हिशेब चुकता.

यात दोष भूगोलाचा. दक्षिणेला पिरेनीजच्या पायथ्याशी लानमेझाँचं पठार आहे. तिथून झेर्स, बाईझ, झिमोन, साव अशा नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरतात. दोन नद्यांच्या मध्ये एक लांबट कणा. त्यामुळे उत्तर-दक्षिण धावलात, तर नदीकाठाने किंवा कण्यावरून पुष्कळसं निवांत जाता येतं. पूर्व-पश्चिम धावलात की प्रत्येक कणा ओलांडणं आलं. त्यातही या खोऱ्यांच्या दोन बाजू सारख्या नाहीत. पूर्वेकडे तोंड असलेला उतार लांब आणि मवाळ, पश्चिमेकडे तोंड असलेला आखूड आणि खडा. म्हणजे पूर्वेकडे निघालात तर आरामात उतरून भिंतीवर चढायचं, आणि पश्चिमेकडे निघालात तर भिंतीवरून उतरून न संपणारा चढ चढत राहायचं. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. खडा चढ लवकर संपतो, आणि खड्या उतारावर मांड्यांचे जे स्नायू ताणले जाता-जाता शरीराला ब्रेक लावतात, ते दुसऱ्या दिवशी जिना उतरताना नावानिशी ओळख करून देतात.

अंतराचा हिशेबही इथे वेगळा मांडावा लागतो. डोंगरी शर्यतींत चालणारा ठोकताळा सोपा आहे: १०० मीटर चढ म्हणजे १ किलोमीटर जादा. १२ किलोमीटरच्या फेरीत साठ मीटरच्या पाच टेकड्या आल्या, तर चढ ३०० मीटर, म्हणजे पायांच्या लेखी १५ किलोमीटर. फ्रेंच सरकारी नकाशा १:२५,००० या प्रमाणाचा घ्यावा. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. आखलेली वाट किती समोच्च रेषा कापते ते निघण्याआधी मोजावं, आणि चढावर घड्याळातल्या वेगाकडे बघू नये. पावलं आखूड करावीत, दोन-चार शब्द बोलता येतील इतका श्वास राखावा. ते शब्द लागतातच, कारण वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘बोंजूर’ म्हणणं सक्तीचं आहे. आजीबाई नेमक्या चढाच्या टोकाला भेटतात.

वाटेवरच्या खुणा मात्र चोख. पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट आणि फुली म्हणजे मागे फिरा. लेक्तूर आणि कोंदों या गावांवरून जाणारी ६५ क्रमांकाची वाट ही ल प्वी या गावाहून स्पेनमधल्या सांतियागोला निघालेल्या यात्रेकरूंची. पाठीवर दहा किलोचं ओझं घेतलेले साठीचे लोक तिथे चढावर आपल्याशी गप्पा मारायला बघतात, हे मनाला लावून घेऊ नये.

डांबरी रस्त्यावर गावाबाहेर डाव्या कडेने, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून धावायचं. गंमत अशी की रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला असतो. सारखं डावीकडून धावलं की डावा पाय सतत खालच्या पायरीवर, आणि दहाव्या किलोमीटरला कंबर तक्रार नोंदवते. मग मातीची वाट धरावी? पाऊस होऊन दोन दिवस झाले असतील तरच. खड्या उतारांवरची चिकणमाती बुटाला अशी धरते, की दर दहा पावलांनी बूट अर्धा किलोने वाढतो. काठीने खरवडली की पुढची दहा पावलं मोकळी.

उन्हाळ्यात आपली सवय म्हणजे ऊन उतरलं की संध्याकाळी सहाला निघणं. इथे ते करू नये. फ्रान्सचं उन्हाळी घड्याळ इतकं पुढे आहे, की झेर्समध्ये सूर्य डोक्यावर येतो तोच दुपारी दोनच्या सुमारास. म्हणजे सहाला आपले चार वाजलेले असतात, आणि सूर्यफुलांच्या शेतात सावली कुणाची, तर सूर्यफुलाची. पहाटे निघावं. सोबत अर्धा लिटर तरी पाणी असावं, कारण गावातली बेकरी दुपारी बंद, अनेक ठिकाणी सोमवारीही बंद, आणि काही गावांत तर बेकरीच नाही. हमखास नळ असतो तो कब्रस्तानात, फुलझाडांसाठी. स्मशानात पाणी पिणं आपल्या मनाला पटत नाही, पण तिसऱ्या टेकडीनंतर संस्कार सैल होतात. नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, तेवढं बघावं.

सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. भडक नारिंगी बनियन घालावी, आणि ‘शिकार सुरू आहे’ अशी पाटी दिसली की मुकाट्याने दुसरी वाट धरावी. ऑक्टोबरात आणखी एक भानगड असते. स्थलांतर करणाऱ्या रानकबुतरांसाठी शिकारी झाडांत आडोसे बांधून श्वास रोखून बसलेले असतात. धपाधप धावत कुणी आलं की कबुतरं उडतात आणि वर्षभराची मैत्री संपते. रिवाज असा, की आडोशाच्या जवळ येताना आधी शीळ घालायची आणि वरून उत्तर येईपर्यंत थांबायचं. आडोसे उंचावर, म्हणजे अर्थात टेकडीच्या माथ्यावर. तिथे पोचल्यावर ओठातून फक्त फुस्स असा आवाज निघतो, त्यामुळे बनियनच्या दोरीला शिटी बांधून ठेवावी.